बोली कोणाची, भाव कोणाचा

नाण्यांच्या ऑनलाइन लिलावात सुरुवातीला फारसं काही घडत नाही. लॉटचे फोटो लागतात, बेस प्राइस जाहीर होते, एखाददुसरी बोली येते आणि सगळं थंडावतं. बघणारे मात्र पुष्कळ असतात. रात्री दहाला लॉट बंद होणार असेल, तर पावणेदहानंतर सगळे सरसावून बसतात. व्हॉट्सअ‍ॅप गटांवरचे आणि वेबसाइटवरचे असे लिलाव मी वर्षानुवर्षं बघतो आहे आणि शिवराई दिसली की बोलीही लावतो.

तोवर सगळे गप्प का असतात? समजा, लॉटवर लिहिलंय ‘शिवराई, पाच नग’. तांब्याच्या या नाण्यावर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असतं. पण ठसे कोरणारे हात अनेक होते. कुठे ‘शिव’ येतं, कुठे ‘सिव’. ऱ्हस्व-दीर्घ बदलतात, अक्षरांची मांडणी बदलते. एखाद्या जाणकाराला फोटोतल्या तिसऱ्या नाण्यावर सहसा न दिसणारा ठसा दिसला आणि त्याने लगेच चढी बोली लावली, की बाकीचे आधी त्याचं नाव बघतात. ‘हे उतरलेत म्हणजे नक्की काहीतरी आहे!’ वर्षानुवर्षं कमावलेली त्याची नजर सगळ्यांना फुकट मिळते. म्हणून तो दबा धरून बसतो.

अल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली नेमकं हेच दाखवलं. तेव्हा ईबेवरचा लिलाव ठरल्या क्षणी बंद होई. अ‍ॅमेझॉनवर मात्र शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की मुदत वाढे. शेवटच्या क्षणी बोली लावण्याचं प्रमाण ईबेवर जास्त होतं आणि तिथेही संगणकांपेक्षा जुन्या वस्तूंच्या लिलावांत ते अधिक होतं. संगणकाची किंमत कोणालाही काढता येते. जुन्या वस्तूची किंमत ज्याला कळते, त्याची बोली हीच माहिती असते. आपल्याकडच्या अनेक गटांत आता ‘शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली तर आणखी पाच मिनिटं’ असा नियम आहे, तो याच कारणाने.

ही लपवाछपवी रास्तच आहे. पण जिथे सगळेच काही ना काही लपवतात, तिथे संशयही येतो. वेबसाइटवर आपली कमाल बोली आधी भरून ठेवता येते. मी ५००० भरले आणि दुसऱ्याची सर्वांत वरची बोली ३२०० असली, तर नाणं मला एक टप्पा वर, म्हणजे ३३०० ला मिळतं. अमेरिकेत टपालाने होणाऱ्या तिकिटांच्या लिलावांत ही पद्धत १८९३ पासून सापडते आणि तिच्यातली मेखही तेवढीच जुनी आहे. पाकिटं उघडणाऱ्या व्यापाऱ्याला माझी मर्यादा कळते. मग मधली एखादी बोली त्यानेच घुसवली तर मला कसं कळणार?

आज पाकिटाच्या जागी बोलींची यादी आहे. लॉट संपल्यावर मी ती नेहमी वाचतो. नवं खातं, जुना व्यवहार एकही नाही. ३३००, ३५००, ३८००, ४२००, मिनिटभरात पायऱ्या चढत जातात आणि समोरच्याची मर्यादा जवळ आली की एकदम शांतता. भाव फुगवणारा डमी असाच चालतो. मात्र हौशी नवशिक्याही असाच चाचपडत वर जातो. त्यामुळे एका यादीवरून कोणाला चोर ठरवू नये. तेच खातं त्याच विक्रेत्याच्या लॉटवर वारंवार उतरत असेल आणि दरवेळी हरत असेल, तरच विचारणा करावी. २००० साली ईबेवर रिचर्ड डीबेनकॉर्नचं भासावं असं एक चित्र १,३५,८०५ डॉलरपर्यंत चढलं, ते विक्रेत्याने आणि त्याच्या साथीदारांनी खोट्या नावांनी लावलेल्या बोलींच्या आधाराने. प्रकरण न्यायालयात गेलं आणि गुन्ह्याची कबुलीही आली.

गमतीखातर लावलेली बोली मला यापेक्षा अवघड वाटते, कारण तिच्यामागे लबाडी नसते. मी पाहिलेली गोष्ट सांगतो. एका गटात दोघे जुने मित्र. एकाला विशिष्ट ठशाची शिवराई हवी आहे, हे दुसऱ्याला ठाऊक. त्याने पुतण्याच्या नंबरवरून बोली लावायला सुरुवात केली. ९०० वरून भाव २६०० वर गेला, लॉट मित्राला सुटला आणि मग, ‘काय राव, घाम फोडला की नाही?’ मित्रही हसला, त्याने पैसे भरले. तिथे विषय संपायला हवा होता. पण पुढे तशीच शिवराई दुसऱ्या गटात आली, तेव्हा विक्रेत्याने लिहिलं, ‘मागे २६०० ला गेली आहे.’ तो खोटं बोलत नव्हता. दोघांची थट्टा बाजारभाव होऊन बसली होती आणि पहिलीच शिवराई घेऊ पाहणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला ती परवडणार नव्हती.

संशय वाईट नाही, त्याने जागेवर असावं. १९३९ चा सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया दुर्मीळ, १९३८ चा सहज मिळणारा. म्हणून ८ कोरून ९ केलेले रुपये बाजारात येतात. जाणकार विक्रेत्याला शिव्या देत नाही. साल जवळून दिसेल असा तिरप्या उजेडातला फोटो आणि काट्यावरचं वजन मागतो. रुपया ११.६६ ग्रॅमचा असायला हवा. आकड्याभोवतीचं मैदान खरवडलेलं दिसलं, की तो बोलीच लावत नाही. हा संशय नाण्यावर आहे, माणसावर नाही, म्हणून मैत्रीही टिकते.

हाच काटेकोरपणा बोलीलाही लावायला हवा. बोली लावणाऱ्याचं खरं नाव निदान अ‍ॅडमिनला माहीत असावं. थट्टेची किंवा पैसे न भरलेली बोली नोंदीतून उघडपणे रद्द करावी, म्हणजे तिचा आधार पुढे कोणी घेणार नाही. मित्राची फिरकी घ्यायची तर लॉट सुटल्यावर खुशाल घ्यावी. आपण लावलेला आकडा आपल्या दोघांपुरता राहत नाही; उद्या कोणीतरी त्यावर विश्वास ठेवून खिशात हात घालतो.