राणीघर मोडण्याआधी ते वाचा

सह्याद्रीत मार्च-एप्रिलमध्ये जांभूळ फुलते आणि सातेरी माश्यांच्या पेट्या मधाने भरू लागतात. फुलोऱ्याच्या अशा दिवसांतच वसाहती फुटतात. जुनी राणी बऱ्याचशा कामकरी माश्या घेऊन बाहेर पडते, जवळच्या फांदीवर थोडा वेळ त्यांचा घोळका लटकतो आणि मग तो दूर निघून जातो. मागे उरलेल्या थोड्या माश्यांकडून मध मिळत नाही. भुकेने किंवा मेणकिड्याने त्रासून सगळ्याच माश्या पेटी सोडतात, तो प्रकार वेगळा.

वसाहत फुटण्याचे मूळ गर्दीत आहे. राणीच्या अंगचा गंध माश्या एकमेकींना पोचवतात. तो मिळतो तोवर नवी राणी वाढवली जात नाही. माश्या फार झाल्या किंवा राणी म्हातारी झाली की तो पुरत नाही. त्यातच पिलाव्याची (अंडी-अळ्यांची) जागा मधाने अडली, तर राणीला अंडी घालायला घरे उरत नाहीत. मग आधी नरांचा पिलावा वाढतो आणि पाठोपाठ पोळ्याच्या खालच्या कडेला नवी राणी वाढवण्याची, भुईमुगाच्या शेंगेसारखी राणीघरे लोंबू लागतात.

अंडे घातल्यापासून साधारण आठव्या दिवशी राणीघराचे तोंड बंद होते आणि त्या सुमारास जुनी राणी निघते. म्हणून हंगामात आठवड्यातून एकदा तरी चौकटींच्या खालच्या कडा पाहाव्यात. राणीघरे दिसण्याआधीच मधकोठी चढवावी, पिलाव्याच्या कोठीत रिकाम्या पोळ्यांच्या चौकटी द्याव्यात, पेटी सावलीत ठेवावी. पिलाव्याने भरलेली एखादी चौकट, माश्या झाडून, अशक्त वसाहतीला दिली की दोन्हींचे भले होते.

मात्र राणीघरे सरसकट मोडत सुटू नये. आधी ती वाचावीत. खालच्या कडेला बरीच असतील, तर वसाहत फुटायच्या बेतात आहे. पोळ्याच्या मध्यावर एक-दोनच असतील, तर माश्या थकलेली राणी बदलत आहेत. त्या राणीघरांना हात लावू नये. कामकरी माश्यांच्या घरांवरच घाईने बांधलेली दिसली, तर राणी अचानक नाहीशी झाली आहे. अशा वेळी ती राणीघरे मोडली आणि पेटीत अंडी किंवा कोवळी अळी नसली, तर वसाहत कायमची राणीविना राहते.

खालच्या कडेला राणीघरे आलीच, तर माश्यांच्या आधी आपणच वसाहत विभागावी. जुनी राणी, दोन-तीन चौकटी पिलावा आणि एक चौकट मध-परागाची नव्या पेटीत घालावी. त्यात राणीघर राहू देऊ नये. ही पेटी दुसऱ्या जागी न्यावी. चारा आणणाऱ्या माश्या मूळ जागी परततात, म्हणून नव्या पेटीत कोवळ्या माश्या जास्त झाडाव्यात. मूळ पेटीत लांब, भरदार असे एकच राणीघर ठेवावे. जास्त ठेवली, तर वसाहत पुन्हा फुटू शकते.

अंड्यापासून साधारण सोळाव्या दिवशी नवी राणी बाहेर येते. काही दिवसांनी ती उडत्या नरांशी मीलन करते आणि मग अंडी घालू लागते. तोवर पेटी वारंवार उघडू नये, जागाही बदलू नये. दोन-तीन आठवड्यांत अंडी दिसली नाहीत, तर दुसऱ्या वसाहतीतली अंडी व कोवळ्या अळ्या असलेली चौकट द्यावी. तिच्यावर राणीघरे उठली, तर पेटीत राणी नाही हे नक्की. एका घरात अनेक अंडी दिसली, तर बहुधा कामकरी माश्याच अंडी घालत आहेत आणि त्यातून फक्त नर निपजतील. अशी वसाहत सबळ वसाहतीत मिसळावी.

जिचा पिलावा विरळ आहे अशी राणी हंगामाआधीच बदलावी. शांत, मधाळ आणि कमी फुटणाऱ्या वसाहतीतलेच राणीघर त्यासाठी निवडावे. मधपाळांनो, पुढच्या फुलोऱ्याचा मध आज कोणती राणी ठेवता यावर ठरतो.