सायकलींचे गाव

युट्रेख्टच्या स्टेशनाखालचा सायकलतळ पाहून मी थक्क झालो. एकाच ठिकाणी १२,५०० सायकलींची सोय! बाहेर सत्तरीच्या आजीबाई टोपलीत भाजी घेऊन ऐटीत सायकल हाकीत होत्या. मला वाटले, मुलूख सपाट, म्हणून हे जमते. पण हे सुख आयते मिळालेले नव्हे. १९७१ साली हॉलंडच्या रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांत चारशेंवर मुले होती. ‘मुलांची हत्या थांबवा,’ म्हणत आईबाप रस्त्यावर आले. १९७३ च्या तेलटंचाईने सरकारलाही जाग आणली. हळूहळू सायकलींना स्वतंत्र वाटा मिळाल्या.

पुण्यात मी सायकलवरूनच कॉलेजात जात असे. आज मुलीला सायकल घेऊन द्यायला मी धजत नाही. दोष रस्त्यांचा, की आम्हां आईबापांच्या मौनाचा?