जिभेचा गुरू कान

बोलणे हे तोंडाचे काम आणि ऐकणे हे कानाचे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात आपल्या बोलण्याचे पहिले श्रोते आपणच असतो. उच्चार नीट उमटला की नाही, याची नोंद आपला मेंदू गुपचूप घेत असतो. ही नोंद काय काम करते आणि पिढ्यान्‌पिढ्या अन्य भाषांच्या शेजारात नांदणाऱ्या आपल्या मराठी घरांशी तिचा काय संबंध आहे, हे येथे पाहू.

लग्नाच्या मांडवात बँड सुरू झाला की सगळ्यांचे आवाज आपोआप चढतात. कोणी ठरवून ओरडत नाही. एत्येन लोंबार या फ्रेंच कानाच्या डॉक्टरांनी १९११ साली या गोष्टीचे शास्त्रीय वर्णन केले. वाचत असलेल्या माणसाच्या कानात गोंगाट सोडला की त्याचा आवाज वाढे आणि गोंगाट थांबताच पूर्ववत होई. बहिरेपणाचे सोंग ओळखण्यासाठीही या युक्तीचा उपयोग झाला. ज्याला खरोखर ऐकू येत नाही, त्याचा आवाज गोंगाटाने कशाला चढेल?

१९५० साली बर्नार्ड ली या अमेरिकन संशोधकाने याहून नवलाची गोष्ट नोंदवली. बोलणाऱ्याचा स्वतःचाच आवाज त्याच्या कानावर किंचित उशिराने पडेल, अशी टेपरेकॉर्डरने व्यवस्था केली, तर चांगला बोलका माणूसही अडखळतो, स्वर लांबवतो, अक्षरे पुन्हा पुन्हा उच्चारतो. सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढ्या विलंबाने सर्वांत जास्त घोटाळा होतो. फोनवर आपलाच आवाज मागून परत येऊ लागला की आपली जी तारांबळ उडते, ती याच जातीची. उलट, मुळातच तोतरे बोलणाऱ्या काहींचे बोलणे अशा विलंबाने सुधारते.

येथे एक शंका येईल. आपण सेकंदाला १०-१५ ध्वनी सहज उच्चारतो. चूक ऐकून जीभ सावरायला मात्र सेकंदाचा दहावा भाग किंवा अधिक वेळ लागतो. तोवर पुढचा ध्वनी येऊन गेलेला असतो. मग कान जिभेला सांभाळणार कसा?

उत्तर असे, की कान दर अक्षराला जिभेचा हात धरीत नाही. घरातला जिना आपण अंधारातही उतरतो, कारण पायऱ्या पायांना पाठ असतात. तसेच उच्चार मेंदूला पाठ असतात. कान तो पाठ वेळोवेळी तपासून दुरुस्त करतो. १९९८ साली जॉन हाउड आणि मायकेल जॉर्डन यांनी हे दाखवून दिले. माणसे शब्द कुजबुजत, आणि यंत्र त्यांतला स्वर हळूहळू बदलून त्यांच्या कानी घाली. थोड्या वेळाने त्यांची तोंडे उलट दिशेला वळली, म्हणजे कानाला मूळचा स्वर ऐकू यावा इतपत त्यांनी उच्चार बदलला. पुढे गोंगाटाने स्वतःचा आवाज ऐकू येईनासा केला, तरी बदललेला उच्चार काही काळ टिकला. पाठच नवा झाला होता.

मोठेपणी पूर्ण बहिरेपण आलेल्या माणसाची वाचा म्हणूनच एका दिवसात जात नाही. आधी आवाजाची पट्टी आणि चढउतार सुटतात. मग ‘स’ आणि ‘श’ यांसारखे जवळचे ध्वनी एकमेकांत मिसळू लागतात. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बाळाचा तर पाठच तयार होत नाही. ऐकू येणारी बाळे साधारण दहाव्या महिन्यापर्यंत ‘बाबाबा’, ‘दादादा’ करू लागतात. ऐकू न येणाऱ्यांचे हे बोबडे बोल लांबतात. म्हणून नवजात बाळाची श्रवणचाचणी लवकर करून घ्यावी.

आता आपल्या घराकडे वळू. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली दाखवले, की इंग्रजी घरांतली सहा-आठ महिन्यांची बाळे हिंदीतला ‘त’ आणि ‘ट’ वेगळा ओळखतात; पण वर्षाची होईतो, घरात तो भेद कानी न पडल्याने, त्यांची ही ओळख ओसरते. आपले ‘काल’ आणि ‘काळ’ हे असेच आहे. बेळगावची कन्नड, बडोद्याची गुजराती, हैदराबादची तेलुगू आणि गोव्याची कोंकणी ‘ळ’ला आधार देतात, इंदूर-ग्वाल्हेरच्या शाळेतली प्रमाण हिंदी देत नाही. ‘चार’मधला तालव्य ‘च’ आणि ‘चारा’मधला दंततालव्य ‘च’ यांचे तर आणखी अवघड. लिपीत दोघांचे अक्षर एकच, आणि प्रमाण हिंदी, गुजराती वा कन्नडमध्ये दुसऱ्याची सोबत नाही. तो टिकायचा तर घरातल्या बोलण्यातूनच टिकेल.

नातवंडाने ‘काळा’ला ‘काला’ म्हटले की आपण म्हणतो, ‘जीभ वळव.’ पण ज्या कानाला दोहोंतला फरकच लागत नाही, तो जिभेची चूक पकडणार कशी? मुलाच्या लेखी त्याने बरोबरच म्हटलेले असते. १९९७ सालच्या एका अभ्यासात जपानी प्रौढांना इंग्रजी ‘र’ आणि ‘ल’ केवळ ऐकून ओळखण्याचा सराव दिला. उच्चाराचे शिक्षण दिले नव्हते, तरी त्यांचे उच्चार सुधारले. म्हणजे वय उलटले तरी वाट बंद होत नाही, आणि ती कानातूनच जाते.

तेव्हा टोकण्याआधी ऐकवा. माल-माळ, गोल-गोळ, चार-चारा अशा जोड्या निरनिराळ्या माणसांच्या तोंडून मुलांच्या कानी पडू द्या. कोणता शब्द म्हटला, ते खेळ म्हणून ओळखायला सांगा. मग त्यांचाच उच्चार मोबाइलवर मुद्रित करून त्यांना ऐकवा. मुद्रित आवाज प्रथम परका वाटेल, कारण एरवी आपल्याला तो कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो आणि त्यामुळे भरदार वाटतो. त्यात बिचकण्यासारखे काही नाही. आणि घरातल्या आजी-आजोबांना ऐकू कमी येऊ लागले असेल, तर श्रवणयंत्र लांबणीवर टाकू नका. ऐकू येईनासे झालेले माणूस हळूहळू बोलणेही कमी करते, आणि घरातला ‘ळ’ बहुधा त्यांच्याच तोंडी असतो.