'नळ आले व!' पुण्याहून अचलपूरला परतल्यावर साधं घरकाम एवढं जड का जातं?

पहाटे साडेपाचला गल्लीतून हाक येते, "नळ आले व!" आणि घराघरात दिवे लागतात. पुण्याच्या फ्लॅटमध्ये आठ वर्षं काढलेल्या मी पहिल्या दिवशी ही हाक ऐकली आणि कूस बदलून झोपलो. आठला उठलो तेव्हा नळ गेलेले. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून मी लॅपटॉप घेऊन अचलपूरला आलो होतो. घरी पाणी भरणारं दुसरं कोणी नव्हतं.

२०२० च्या लॉकडाऊनपासून गावी बसून काम करणारे अनेक जण आहेत. निघण्याआधी सगळे इंटरनेटचा स्पीड विचारतात. धुणं कसं होणार, हे कोणी विचारत नाही.

वॉशिंग मशीन का अडलं?

पुण्याहून फुल ऑटोमॅटिक मशीन आणलं. बटण दाबलं, दहा मिनिटांनी स्क्रीनवर पाणी येत नसल्याची खूण. नळ सोडून बघितला तर पाणी येत होतं!

गडबड दाबाची होती. पाण्याची टाकी १० मीटर उंच असेल तर साधारण १ बार दाब मिळतो. आमचं घर एकमजली, टाकी स्लॅबवरच. मशीनच्या तोंडापासून टाकीपर्यंत जेमतेम अडीच मीटर, म्हणजे पाव बार. अनेक फुल ऑटोमॅटिक मशीनना ०.३ बार किंवा त्याहून जास्त दाब लागतो (आकडा कंपनीप्रमाणे बदलतो, माहितीपुस्तिकेत दिलेला असतो). पुण्यात आमची टाकी सात मजले वर होती, त्यामुळे हा हिशेब कधी करावाच लागला नाही. इंजिनीअरिंगला हे गणित मी दोनदा सोडवलं होतं, एकदा पास व्हायला आणि एकदा केटी सोडवायला.

यावर तीन मार्ग आहेत. टाकी स्टँडवर चढवा, प्रेशर पंप बसवा किंवा बादलीने पाणी ओतता येईल असं सेमी ऑटोमॅटिक घ्या. पंप लाइन गेली की बंद पडतो, पण तेव्हा मशीनही बंदच असतं. आम्ही परतवाड्याहून लोखंडी स्टँड आणला.

वरण का शिजेना?

सात शिट्ट्या झाल्या तरी तुरीची डाळ दाण्यासारखीच. मी डाळीला दोष दिला. आई पलंगावरून म्हणाली, "बोअरचं पाणी टाकलं असशीन. वरणाले नळाचं ठेवत असतेत."

बोअरच्या पाण्यात कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअम जास्त असलं की ते पाणी जड होतं. डाळीच्या पेशींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला कॅल्शिअम आणखी घट्ट करतं, म्हणून दाणा फुटत नाही. साबणाला फेस न येणं, बादलीवर पांढरे डाग पडणं, हीटिंग रॉडवर थर चढणं ही सगळी याचीच लक्षणं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतं.

चिमूटभर खायचा सोडा टाकला तर डाळ शिजते, पण त्यात ब१ जीवनसत्त्व कमी होतं. त्यापेक्षा डाळ भिजत घाला आणि नळाचं पाणी वेगळं ठेवा. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, जडपणा जात नाही. रॉडवरचा थर लिंबूसत्वाच्या पाण्यात सुटतो. त्याआधी प्लग काढा, हे सांगायला लागू नये, पण सांगतो.

आमच्याकडे निदान नळाचं पाणी गोडं आहे. दक्षिणेला दर्यापूरकडे पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथलं जमिनीखालचं पाणीच खारट, आणि मीठ उकळून जात नाही.

साठवलं, पण किती दिवस?

पहिल्या दिवशीची चूक भरून काढायला मी घरात होतं नव्हतं ते सगळं भरून ठेवलं. पिंप, बादल्या, कूलरची टाकीसुद्धा. आठवड्याने पिंपात अळ्या वळवळत होत्या. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाचा अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळायला सांगतात. नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही. अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. पिंप घासावंच लागतं. पाऊस लागल्यावर कोपऱ्यात ढकललेला कूलर हमखास विसरतो, त्याच्या तळाशी पाणी ठेवू नका.

हे सगळं कोणाच्या डोक्यात होतं?

कोणतं पाणी कशाला, मोटर कधी लावायची, लाइन जाण्याआधी मिक्सर कधी फिरवायचा, याचा कागद घरात कुठेच नव्हता. तो आईच्या डोक्यात होता. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या महिला त्यासाठी दिवसाला २८९ मिनिटं देतात आणि ते करणारे पुरुष ८८. यात कामाचे तास मोजले जातात. पाणी कधी येईल म्हणून अर्धवट झोपेत राहणं कोणत्या रकान्यात बसतं, कोण जाणे.

महिनाभरात मी आईकडून विचारून विचारून वेळापत्रक फ्रिजवर लावलं. आता ती वॉकर घेऊन चालते. परवा नळ आले तेव्हा माझ्या आधी तीच अंगणात. मी पाइप हातातून घेतला, तर म्हणाली, "पहिले पाच मिनिट सोडून दे, गढूळ येते." हे फ्रिजवर लिहायचं राहिलं होतं.