ग्रामसभेतली चर्चा सांभाळताना

गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. सभा बहुधा सरपंचाच्या अध्यक्षतेखाली भरते आणि चर्चा कशी होते, हे पुष्कळसे त्या खुर्चीवर ठरते.

खरे काम आधीच सुरू होते. विषयपत्रिका वेळेवर, सगळ्यांना दिसेल अशी लावली आणि दवंडीही दिली, तर माणसे तयारीने येतात. विषय आयत्या वेळी कळला की प्रश्नांऐवजी आरडाओरडा होतो.

सभेत एका वेळी एकच विषय, एकच बोलणारा. कोणी पाणीयोजनेच्या हिशेबावरून थेट भाऊबंदकीवर घसरला, तर त्याला तिथेच थांबवावे, पण त्याचा हिशेबाचा प्रश्न मात्र गिळू नये. टीका सरपंचावर असेल तेव्हा हे सर्वांत अवघड जाते, आणि अध्यक्षाचा कस तिथेच लागतो. मागे बसलेल्या बायका, वस्तीवरची मंडळी, नवखी पोरे यांना नाव घेऊन विचारावे लागते. नुसते ‘कोणाला काही बोलायचे आहे का?’ पुरत नाही. नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. तिथले ठराव मुख्य सभेत मोठ्याने वाचले जावेत.

ठराव लिहिताना विरोधही नोंदवावा. इतिवृत्त वाचून दाखवल्याशिवाय सभा उठू देऊ नका.