चिकटपट्टी आणि भिंतीची कातडी
(द्वितीय वर्ष, कला)

भिंतीला कान असतात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण भिंतीला कातडीही असते, हे मला गेल्या वर्षी कळले. आणि तेही अनामत रकमेतून पाचशे रुपये कापले गेले तेव्हा!

प्रथम वर्षाला असताना आम्ही तिघी मैत्रिणी भाड्याच्या खोलीत राहत होतो. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, ही घरमालकांची पहिली अट. म्हणून बाजारातून मागे चिकटपट्टी असलेले हूक आणले. पिशव्या, आरसा, माझ्या आजीचा फोटो असा आमचा सारा संसार वर्षभर त्या हुकांवर लटकला. परीक्षा संपल्यावर खोली रिकामी करताना मी एक हूक धरला आणि जोरात स्वतःकडे ओढला. हुकासोबत तळहाताएवढा पोपडा हातात आला. दुसऱ्या हुकाचेही तेच झाले.

माझे वडील रंगकाम करतात. पाचशे रुपये म्हणजे त्यांची जवळजवळ एका दिवसाची मजुरी. ट्रंक न्यायला ते आले, भिंतीवरून हात फिरवला आणि एवढेच म्हणाले, "पोरी, पट्टी ओढायची असते, भिंत नव्हे." त्या वाक्याचा अर्थ मी नंतर त्यांच्याकडूनच समजून घेतला. वर्ष संपत आले आहे, पुष्कळांना खोल्या सोडायच्या आहेत. म्हणून तो येथे मांडते.

भिंत ही एकसंध वस्तू नाही. विटांवर गिलावा, गिलाव्यावर लांबी, लांबीवर रंगाचे दोन-तीन हात असे थर असतात. प्रत्येक थर खालच्या थराला धरून असतो. आपण पट्टी समोर ओढतो तेव्हा सगळा ताण पट्टीच्या कडेच्या बारीक रेषेवर येतो आणि तो भिंतीपासून दूर खेचणारा असतो. अशा वेळी जो सांधा सर्वांत कच्चा, तो आधी सुटतो. चांगल्या पट्टीची रंगावरची पकड पक्की असते. रंगाची लांबीवरची पकड मात्र पुष्कळदा कच्ची असते. मग पट्टी सुटत नाही, रंगच सुटतो.

ही अडचण जुनी आहे. अमेरिकेत मोटारींना दोन रंग देण्याची पद्धत आली, तेव्हा एक रंग झाकायला चिकटवलेला कागद काढताना खालचा रंगही निघून येई आणि रंगारी वैतागत. थ्रीएम कंपनीतला रिचर्ड ड्रू हा तरुण पॉलिश पेपरची चाचणी घेण्यासाठी अशा दुकानांत जात असे. रंगाऱ्यांची ती अडचण पाहून त्याने १९२५ साली मास्किंग टेप तयार केली. चिकटावे, पण निघतानाही नीट निघावे, हा विचार त्यामागे होता.

आजच्या हुकांच्या पट्ट्यांत हाच विचार पुढे गेला आहे. रबरबँड ताणून पाहा; तो लांब होतो तसा बारीकही होतो. ही पट्टीही तशीच. तिच्या खालच्या टोकाला धरण्यासाठी एक शेपटी असते. शेपटी भिंतीलगत सरळ खाली ओढली की पट्टी ताणली जाते, पातळ होते आणि खालून वर क्रमाक्रमाने भिंत सोडते. रंगावर समोरून ओढ जवळजवळ येतच नाही.

म्हणून रीत अशी. आधी हुकावरचे ओझे उतरवावे. एका हाताने हूक हलकेच धरावा, भिंतीवर दाबू नये. दुसऱ्या हाताने शेपटी भिंतीला समांतर, अगदी सावकाश खाली ओढावी. पट्टी हातभर ताणली गेली तरी घाबरू नये व मध्येच दिशा बदलू नये. एकमेकींत अडकणाऱ्या दोन पट्ट्यांवर चौकट लावली असेल, तर आधी चौकट खालच्या कोपऱ्यांना धरून सोडवावी, मग भिंतीवरची पट्टी काढावी.

शेपटी तुटली, किंवा पट्टी साध्या फोमची असली तर? केस वाळवण्याच्या यंत्राने अर्धा मिनिट ऊब द्यावी, म्हणजे चिकट नरम होतो. मग जाड, मजबूत दोरा पट्टीच्या मागे घालून करवतीसारखा पुढे-मागे चालवावा. उरलेला चिकट बोटाने वळवत गोळी करून काढावा. खोबरेल तेल काचेवर किंवा फरशीवर चालते. डिस्टेंपरच्या भिंतीवर मात्र त्याचा डाग कायमचा राहतो.

काढणे सोपे व्हावे असे वाटत असेल, तर लावतानाच काळजी घ्यावी. नवा रंग दिल्यावर निदान आठवडाभर थांबावे. जागा स्पिरिटने पुसावी, पट्टी अर्धा मिनिट दाबून धरावी, तासाभराने ओझे टांगावे. शेपटी झाकली जाणार नाही हे पाहावे.

आणि सर्वांत आधी भिंत ओळखावी. तळहात घासून पाहा. हाताला पांढरी पूड लागली, तर ती चुन्याची किंवा साध्या डिस्टेंपरची भिंत. पावसाळ्यात ओल धरून फुगलेली भिंतही तशीच समजावी. तिथे कितीही महाग पट्टी लावा, ती टिकणार नाही आणि निघताना पोपडा नेईल. अशा ठिकाणी दोन खिडक्यांच्या गजांना दोरी बांधलेली बरी.

एवढे करूनही पोपडा निघालाच तर लपवू नये. सैल कडा ब्लेडने काढून लांबी भरावी, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासावी, मग त्याच रंगाचा हात द्यावा. गेल्या वर्षी वडिलांनी तसे करून देण्याची तयारी दाखवली होती. पण पैसे आधीच कापले गेले होते. तरीही, पुढच्या मुलीला बरी खोली मिळावी म्हणून ते दोन डाग त्यांनी बुजवलेच.

यंदाच्या खोलीत माझे तीन हूक आहेत. तिन्हींच्या शेपट्या मोकळ्या आहेत.