भरतीची वेळ

आपण खानदेशची माणसे. तापीचा पूर आपल्याला ठाऊक, समुद्राची भरती नाही. मुंबईच्या गेटवेहून लाँचने तासाभरात मांडव्याला उतरावे, पुढे मोटारीने अलिबाग. समोर पाण्यात कुलाबा किल्ला. ओहोटीला तिथे पायी जाता येते. (पावसाळ्यात ही लाँच बंद असते.)

आम्ही चतुर्थीला किल्ल्यातल्या गणपतीला गेलो. गोड्या पाण्याची विहीर बघत अकरापर्यंत रमलो. परतताना पाणी गुडघ्याच्या वर आले. घाबरगुंडीच उडाली!

"तिथी नाही का मोजली?" एक कोळीणबाई रागावली. तिचा हिशेब सोपा. तिथीची पाऊणपट करा. साधारण तितक्या वाजता पुरी भरती. चतुर्थीला तीन वाजता. त्याआधी सहा तास, म्हणजे सकाळी नऊला, पुरी ओहोटी. नऊ वाजले की किल्ल्यातून निघावे.